शालनच्या घरची मधली भिंत

मोहन्याची जुनी रेयॉन कंपनी चालू होती तेव्हा तिच्या भोंग्यावर अख्खं गाव उठायचं, जेवायचं आणि झोपायचं. कंपनी बंद पडली, भोंगा गप्प झाला, आणि चाळीतल्या पोरांनी 'भोंगा' हे नाव शालन उबाळेला देऊन टाकलं. नाव अगदीच खोटं नव्हतं. शालन नळावर बोलायला लागली की पलीकडच्या गल्लीतल्या बायकांना बसल्या जागी कळायचं, आज पाण्याला दाब नाही. नवरा कंपनीत कामाला होता, तो गेला. पोरी लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या. शालन मात्र चाळ सोडायला तयार नव्हती, आणि साठीला टेकली तरी विहाराच्या महिला मंडळाची अध्यक्ष तीच. कुणी बायकोवर हात टाकला, कुणी म्हाताऱ्या आईला उपाशी ठेवलं, की शालन विहारात बैठक लावायची आणि सगळ्यांदेखत त्या माणसाची अशी खरडपट्टी काढायची की तो पुढं कित्येक महिने मान खाली घालून गॅलरीतून जायचा. या पद्धतीवर तिचा फार विश्वास होता. चार माणसांत लाज काढली की माणूस सरळ येतो, असं ती म्हणायची, आणि ते पुष्कळदा खरंही ठरलं होतं.

त्या वर्षी पावसाळ्यात विहारातला वर्षावास सुरू झाला आणि तिला भिंतीतून आवाज यायला लागले.

भिंत एकेरी विटेची. पलीकडे प्रेम राहायचा. बायको सोनल, चार वर्षांची मुलगी मैत्री आणि काही महिन्यांचं तान्हं पोरगं. प्रेम याच चाळीत वाढलेला, शालनच्या डोळ्यांदेखत चड्डीतून पँटीत आलेला. सोनल डोंबिवलीची, कोपरची, मराठ्यांच्या घरातली. कॉलेजात दोघांचं जमलं, रजिस्टर लग्न केलं, आणि माहेरच्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली. मोहन्याहून कोपर किती लांब? सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला परत येईल. पण पहिल्या बाळंतपणाला तिकडून कुणी आलं नाही आणि दुसऱ्यालाही नाही. प्रेमची आई तर त्याच्या लग्नाआधीच गेलेली. चाळीतल्या बायका सोनलशी वाईट वागत नव्हत्या. तिच्याशी त्या फारशा वागतच नव्हत्या, एवढंच.

तान्हं पोर रडकं होतं. सकाळी सुरू व्हायचं ते संध्याकाळपर्यंत किरकिर थांबायची नाही. प्रेम भिवंडीच्या गोदामात कामाला, बहुतेक वेळा डबल ड्युटी. घरी आला की त्याचा आवाज भिंतीतून यायचा, "अगं गप कर ना त्याला, परत जायचंय मला!" हे सगळं शालनला कळत होतं. घरोघरी होतं तसं. पण मधेच एक वेगळा आवाज यायचा. सपकन काहीतरी वाजायचं, मैत्रीचं रडणं वर चढायचं आणि तोंडावर हात दाबावा तसं अर्ध्यात तुटायचं.

मग एकदा नळावर तिला मैत्रीच्या फ्रॉकची मागची बटणं उघडी दिसली. मानेच्या खाली एक काळपट लाल डाग होता, एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला गोल.

"हे काय गं सोनल?"

"पडली," सोनल म्हणाली आणि बादली उचलली.

"उलथन्यावर पडली?"

पोरीला बखोटीला धरून सोनल आत गेली. हात कुणाचा, हे ठरवायला शालनला वेळ लागला नाही. पुरुषाचाच. जन्मभर तिनं पुरुषांचेच हात पाहिले होते. त्याच रविवारी तिनं बैठक लावली.

विहारात माणसं दाटीवाटीनं बसली होती. विहार समितीचे अध्यक्ष सीतारामबाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांना कुठल्याही गोष्टीत वाद नको असायचा आणि म्हणूनच दरवर्षी सगळे मिळून त्यांना अध्यक्ष करायचे. प्रेम मधोमध उभा. सोनल बायकांत, मांडीवर पोरगं. शालननं आधी भगवंतांपासून बाबासाहेबांपर्यंत सगळ्यांची आठवण करून दिली, मग आवाज चढवला, आणि मग, ज्याच्यावर कुणाला बोलायला जागाच राहू नये असा पुरावा म्हणून, मैत्रीला हाताला धरून पुढे आणलं. तिची पाठ लोकांकडे केली आणि फ्रॉकची बटणं सोडली.

"बघा! बघून घ्या आपल्या चाळीत काय चाललंय ते!"

पोरगी रडली नाही. वर पंखा फिरत होता आणि ती त्याच्याकडे बघत नुसती उभी राहिली. प्रेमनं एकदा सोनलकडे पाहिलं. सोनल मांडीवरच्या पोराकडे बघत होती, त्याच्या टोपीची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होती.

"चुकलं माझं," प्रेम म्हणाला. "परत नाही होणार."

"आम्हाला काय सांगतोस? पोरीला सांग!"

"चुकलं माझं," तो पोरीच्या पाठीला म्हणाला.

बैठक संपली. लोक समाधानानं घरी गेले, आणि खरं सांगायचं तर शालन सगळ्यांत जास्त समाधानानं गेली. कामगिरी फत्ते झाल्यासारखी ती त्या दिवशी जेवली.

दुसऱ्या दिवसापासून पलीकडचं दार बंद झालं.

चाळीत दिवसाढवळ्या कुणी दार लावत नाही. फार तर पडदा. दार लावलं म्हणजे घरात कुणीतरी आजारी आहे, नाहीतर कुणीतरी मेलंय, नाहीतर चाळीशी संबंध तोडलेत. सोनलनं मैत्रीला अंगणवाडीत पाठवणं बंद केलं. पाण्याला ती सगळ्यांच्या नंतर यायची, नळ बारीक झाल्यावर. प्रेम सकाळी मोटरसायकल काढायचा आणि कुणाच्या तोंडाकडे न बघता निघून जायचा. शालन भिंतीला कान लावून बसायची. पोराची किरकिर यायची, भांड्यांचा आवाज यायचा, टीव्ही लागायचा. मैत्रीचा आवाज मात्र येतच नव्हता. चार वर्षांचं पोर घरात असताना इतकं गप्प असतं कुठं?

एकदा ती दिसली. सोनल नळावर होती आणि मैत्री गॅलरीत दाराशी. शालन तिच्याकडे जाऊ लागली तशी पोरीनं तिला पाहिलं, गर्रकन पाठ फिरवली आणि तशीच उभी राहिली.

"रुसलीस होय माझ्यावर?" शालन म्हणाली.

पोरगी हलली नाही. मान खाली घालून, खांदे आवळून, पाठ शालनकडे करून ताठ उभी. शालनच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. पोरगी रुसली नव्हती. ती पाठ दाखवत होती. ही बाई जवळ आली की पाठ दाखवायची असते, एवढंच तिला त्या बैठकीतून कळलं होतं. शालन दारातून माघारी फिरली आणि घरात येऊन खाटेवर बसून राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपल्या हातांची लाज वाटली.

आणि पुढच्याच आठवड्यात, दुपारी, भिंतीपलीकडे पुन्हा तो सपकन आवाज आला. पाठोपाठ तेच तुटलेलं रडणं.

प्रेम सकाळीच भिवंडीला गेला होता. तिनं स्वतः त्याला जाताना पाहिलं होतं. आत फक्त सोनल होती. बैठकीतला प्रेम शालनच्या डोळ्यांपुढं आला, बायकोकडे एकदा बघणारा आणि मग चुकलं म्हणणारा. चाळीत वाढलेल्या ज्या पोरावर ती ओरडली होती, त्यानं ते सगळं मुकाट्यानं अंगावर घेतलं होतं.

पण तो विचार करायला वेळ नव्हता. ती धावली आणि दारावर दोन्ही मुठी आपटू लागली.

"सोनल! दार उघड! आधी दार उघड!"

आत टीव्हीचा आवाज मोठा झाला. गॅलरीत बायका जमा झाल्या. शालन ओरडतच राहिली, दार हादरत राहिलं, आणि मग अगदी दाराला तोंड लावून सोनल बोलली.

"अजून एक बैठक घ्यायचीय का मावशी? घ्या ना. ह्या वेळी मलाच उघडी करा."

भोंगा बंद झाला.

त्या संध्याकाळी शालननं सीतारामबाबांना गाठलं आणि सांगितलं, मी लहान मुलांच्या हेल्पलाइनला, एक शून्य नऊ आठला, फोन लावतेय. बाबा दचकलेच.

"शालनताई, वेड लागलं काय? पोलीस येतील. पोरीला उचलून कुठल्या तरी आश्रमात घालतील. मराठ्याच्या पोरीला बौद्धांच्या चाळीत छळलं म्हणून तिचे माहेरचे उठतील ते वेगळंच. आपलं आपण मिटवू."

"आपलं आपण मिटवलंच की बाबा त्या रविवारी. काय झालं बघा."

"मग तिलाच समजावू ना चार जणी मिळून."

"दार उघडत नाही ती. आणि उद्या त्या पोरीला काही झालं तर मग? मी भिंतीला कान लावून बसले होते, असं सांगू?"

बाबांनी हात वर केले. फोन तिनंच लावला पण बाबांना वाटत होती ती भीती तिलाही वाटत होतीच. पोरगी आईकडून गेली आणि तिकडे आणखी वाईट झालं तर? त्याचं पाप कुणाचं?

दुसऱ्या दिवशी हेल्पलाइनकडून ऋजुता आली. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ तिचं ऑफिस. खांद्याला कापडी पिशवी, वयानं शालनच्या धाकट्या पोरीएवढी. सोबत पोलीस नव्हते. सोनलनं तिला दार उघडलं, कारण सरकारी कामाला आलेल्या बाईला दार उघडावंच लागतं. ऋजुता बराच वेळ आत होती. बाहेर आली ती शालनच्या घरात येऊन पाणी प्यायली.

"काय म्हणाली ती?"

"ते मी नाही सांगणार, मावशी. आतलं बोलणं आतच राहतं."

शालनला राग आला आणि पोरगी आवडलीही.

"पण मैत्रीला घेऊन जाणार का तुम्ही?"

"लगेच कुणी मूल उचलत नाही. पण धोका वाटला तर हलवावं लागतं, खोटं कशाला सांगू? बाल कल्याण समितीपुढं जाईल सगळं. त्याच्याआधी मला एक सांगा. या घरात कोण कोण येतं जातं?"

"कोण येणार? प्रेमचे मित्र, कधी तरी."

"बायका?"

शालन विचार करू लागली.

"दोन्ही बाळंतपणांना तिच्यापाशी कोण होतं? बाळाला न्हाऊ कोण घालायचं? ती आजारी पडली तर पोरं कुणाकडं असतात?"

भिंतीला लागून भिंत, आणि शालनला एवढंही माहीत नव्हतं. ऋजुतानं आणखी टोचलं नाही. ग्लास खाली ठेवत ती म्हणाली, "मी आठवड्यातून एकदा येईन. बाकीचे दिवस तुम्हीच आहात इथं. पुन्हा मारल्याचा आवाज आला तर थांबू नका, तिथल्या तिथं फोन करा. पण आवाज यायच्या आधी काय करता येईल ते बघा. आणि मावशी, ओरडू नका. ओरडलं की ती दार लावते."

ओरडू नका, हे शालनला सांगणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणणं. पण पोरीची ती ताठ पाठ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन असतं, आणि वाचनानंतरची खीर एकेका घराची. पाळी आली की त्या घरी दुपारपासून शेजारच्या बायका मदतीला जमतात. ज्याची खीर त्याच्या घरी गर्दी, अशी चाळीची रीत. सोनल लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या घरची पाळी कुणी धरलीच नव्हती. तिला चालेल न चालेल, तिला विचारायचं कशाला, म्हणून एका वर्षी राहिलं आणि मग राहूनच गेलं. मंडळाची अध्यक्ष शालनच, तेव्हा हे राहून जाणंही तिचंच होतं.

दुपारी ती पलीकडे गेली. मुठी वळल्या नाहीत, बोटानं दार वाजवलं. दार बोटभर उघडलं.

"उद्याची खीर तुझ्याकडं आहे," शालन म्हणाली.

सोनल बघतच राहिली. डोळे सुजलेले, केस विंचरलेले नाहीत. "माझ्याकडं? मला तर कधी..."

"कधी सांगितलं नाही. चुकलं आमचं. ह्या वर्षी करशील?"

"बघायला येणार ना सगळ्या? घरात काय चाललंय ते?"

"खीर करायला येणार," शालन म्हणाली, आणि पुढचं वाक्य जिभेवर आलेलं असतानाही गिळलं.

दार बंद झालं. तिला वाटलं, संपलं. रात्रभर तिचा डोळा लागला नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडचं दार उघडं होतं, आणि दारात धुतलेला पडदा लावलेला होता.

शालन, मंडळातली कांता आणि आणखी दोघी आत गेल्या. एका खोलीत सगळा संसार, दोरीवर ओले लंगोट, कोपऱ्यात न घासलेली भांडी. कांताला पोरांचा हात होता. तिनं रडणाऱ्या तान्ह्याला मांडीवर उताणं घातलं, हिंग पाण्यात कालवून त्याच्या बेंबीभोवती लावलं आणि पोट चोळत बसली. पोर हळूहळू शांत झालं. ते शांत झालं तशी सोनल एकदम भिंतीला टेकली, जणू तिला आतापर्यंत त्या रडण्यानंच उभं धरलं होतं. मैत्री कपाटाआड उभी राहून सगळ्यांकडे बघत होती.

दूध मोठ्या पातेल्यात चढवलं. बायका गप्पांना लागल्या, सोनलनंही एकदोन वाक्यं टाकली. बरं चाललं होतं, आणि तेवढ्यात करपल्याचा वास आला. दूध बुडाला लागलं होतं. सोनलचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्या चाळीला जाणारी खीर, तीही पहिलीच. तिनं घाईनं उलथनं उचललं आणि बूड खरवडायला लागली.

मैत्रीनं आईच्या हातात उलथनं बघितलं. ती कपाटाआडून निघून कोपऱ्यात गेली, भिंतीकडे तोंड केलं, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि पाठ पुढे करून उभी राहिली.

तिला कुणी काही म्हटलं नव्हतं.

खोलीत सगळे हात थांबले. बायकांनी शालनकडे पाहिलं. आता भोंगा वाजणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. शालनचं तोंड उघडलंही. तिच्या छातीत सगळं येऊन ठेपलं होतं, राग, भीती, त्या पोरीची दया. मग तिनं तोंड मिटलं आणि आहे तिथं फरशीवर बसली.

सोनलच्या हातातून उलथनं पडलं.

"मीच," ती म्हणाली. "तो नाही. त्यानं कधी बोटही लावलं नाही पोरीला. माझाच हात. तो उठतो आणि मग मला कळतं की उठला."

गॅस शालननंच बंद केला.

"प्रेमनं अंगावर का घेतलं मग?" कांतानं हळूच विचारलं.

"बाहेरची पोरगी म्हणून आधीच कुणी जवळ करत नाही, त्यात हे कळलं तर तुला उभंही करणार नाहीत, असं म्हणाला."

हे ऐकून शालनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं विचारलं, "शेवटची नीट झोपलीस कधी?"

सोनलला खरंच आठवेना. आठवायचा प्रयत्न करता करता ती रडायला लागली.

"ऋजुता मॅडमला हे सांगावं लागेल," शालन म्हणाली. "लपवायचं नाही."

"मैत्रीला नेतील?"

"मला माहीत नाही, पोरी." खोटा धीर द्यायची शालनला सवय नव्हती. "पण तू स्वतः सांग. आम्ही सगळ्या येऊ तुझ्याबरोबर." मग ती उठली आणि मधल्या भिंतीवर तळवा ठेवला. "आणि हे बघ. हात उठायचा तेव्हा उठेल, तो काय विचारून उठतो? उठला की इथं घाल. विटेला लागत नाही. पलीकडं मी असते. मी येईन, पोरांना घेऊन जाईन. काही विचारणार नाही. काही बोलणार पण नाही."

"तुम्ही? बोलणार नाही?" कांता म्हणाली, आणि त्या तसल्या प्रसंगातही एकीला हसू फुटलं.

संध्याकाळी विहारात खीर वाटली. सीतारामबाबांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "जराशी करपट..." शालननं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. बाबांनी वाटी संपवली आणि आणखी मागितली. मग शालन उठली आणि ज्या जागी प्रेमला उभं केलं होतं त्याच जागी उभी राहिली. प्रेम पाठीमागे दाराशी बसला होता.

"त्या दिवशी मी ह्याला इथं उभं केलं, ते चुकीचं होतं," ती म्हणाली. "आणि पोरीची बटणं मी सगळ्यांसमोर सोडली. ते त्याहून वाईट होतं. माफी मागते." कारण काही तिनं सांगितलं नाही आणि कुणाला विचारूही दिलं नाही. ती इतक्या हळू आवाजात बोलल्याचं चाळीत कुणाला आठवत नव्हतं.

बाल कल्याण समितीपुढं सगळ्या गेल्या. सोनलनं खरं सांगितलं. मैत्री घरीच राहील, असं ठरलं, पण अट घालून: ऋजुता येत राहील, पोरीला दवाखान्यात दाखवायचं, सोनलनं समुपदेशनाला जायचं, आणि पोरीच्या अंगावर नवा डाग दिसला तर मात्र तिला सुरक्षित ठिकाणी हलवायचं. शेवटचं वाक्य ऐकताना सोनलनं शालनचा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

मग दिवस सुरू झाले. कांता तान्ह्याला न्हाऊ घालायला यायची. मैत्री पुन्हा अंगणवाडीत जाऊ लागली. प्रेमनं डबल ड्युटी कमी केली आणि ओरडणंही. आणि अधूनमधून दुपारी मधल्या भिंतीवर थाप पडायची, खांद्याच्या उंचीवर, पूर्ण तळव्याची, जोरात. शालन हातातलं काम टाकून जायची, पोरांना उचलून आणायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. एवढं गप्प राहून तिचं पोट दुखायला लागेल, असं गॅलरीतल्या बायका म्हणायच्या.

मैत्री तिच्याकडे खेळायची, खायची, झोपायचीसुद्धा. पण शालन दारातून आत आली की अजूनही आधी पाठ फिरवून उभी राहायची.

वर्षावास संपायला आला होता. दुपारी शालन भाकरीचं पीठ मळत होती आणि भिंत वाजली. ती उठता उठता थबकली. ही थाप नेहमीची नव्हती. खाली, फरशीच्या जवळ, हलकी, आणि थांबतच नव्हती. लहान हाताची होती.

शालन पिठाच्या हातांनीच पळाली. एवढ्याशा गॅलरीत तिच्या मनात काय काय येऊन गेलं. सोनलनं काही करून घेतलं का? पोरीला भाजलं का? दार सताड उघडं. पाळण्यात तान्हं टाहो फोडत होतं, फरशीवर वरण सांडलेलं, त्यात उलथनं पडलेलं. मैत्री भिंतीपाशी उकिडवी बसून दोन्ही तळव्यांनी भिंत वाजवत होती. सोनल कुठंच नव्हती.

पोरीनं शालनला पाहिलं, उठली आणि पाठ करून उभी राहिली. फ्रॉकचं वरचं बटण निसटलेलं होतं. आत जुना डाग होता, फिकट झालेला. दुसरं काही नव्हतं. शालननं पिठाचे हात पदराला पुसले आणि बटण लावलं.

"मम्मी कुठाय?"

पोरीनं बाहेर बोट दाखवलं. "मला म्हणाली तू वाजव."

तान्ह्याला खांद्यावर आणि मैत्रीला हाताला धरून शालन बाहेर आली. गॅलरीच्या टोकाला नळाच्या कट्ट्यावर सोनल बसली होती. अनवाणी, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले.

"हात उठला होता, मावशी," ती म्हणाली. दातावर दात आपटत होते. "भिंतीवर घालायला गेले. पण भिंतीच्या आणि माझ्या मधे तीच उभी होती. म्हणून बाहेर पळाले."

शालननं कबूल केल्याप्रमाणे काही विचारलं नाही. ती शेजारी बसली आणि तान्ह्याला मांडीवर घेऊन थोपटू लागली.

मैत्री आईच्या समोर उभी होती. तिनं आईच्या तोंडाकडे बघितलं आणि मग सवयीनं वळली, पाठ आईकडे केली आणि खांदे आवळून उभी राहिली. सोनलनं मांडीखालचे हात बाहेर काढले. शालनचं थोपटणं थांबलं. ते हात पोरीच्या खांद्यांवर गेले, अजून कापत होते, आणि त्यांनी तिला हळूच उलट वळवलं.

"पाठ नको, बाळा," सोनल म्हणाली. "तोंड दाखव मला."